खोटं ठरेपर्यंत

बालाजी घाटावरचे यज्ञेश्वरशास्त्री म्हणजे मीठसुद्धा चाखल्याशिवाय खारट न म्हणणारे नैयायिक. "पाणी दिसलं म्हणजे पाणी झालं का? जा, पी. तहान भागली तर ज्ञान खरं!" हे त्यांनी आयुष्यभर विद्यार्थ्यांना घोकवलं. शेजारचे वेणीमाधवशास्त्री मीमांसक. त्यांचं म्हणणं नेमकं उलटं: झालेलं ज्ञान खरंच धरावं; खोटं ठरेपर्यंत त्याला पुरावा मागू नये. दोघांची तरुणपणापासून यावरून जुंपे, आणि चहा मात्र नेहमी यज्ञेश्वरशास्त्र्यांच्या घरचा.

यज्ञेश्वरशास्त्र्यांचा मुलगा उल्हास घरातून निघून गेला त्याला बारा वर्षं होत आली. बारा वर्षं माणसाचा पत्ता नाही, तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत. येत्या अमावास्येला ते ठरलं होतं. तेवढ्यात यात्रेहून परतलेला दिनानाथ सांगून गेला, की हरिद्वारच्या अन्नछत्रात हुबेहूब उल्हास पंगतीत वाढत होता.

सून सुमेधा शाळेत शिकवून घर चालवायची. तिनं दुसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीची दोन तिकिटं आणली.

"मामंजी, चला. डोळ्यांनी बघून येऊ."

"कशाला? दिनानाथनं पाहिलं ना? ते खोटं ठरलंय का? मग खरंच आहे."

ओसरीवर वेणीमाधवशास्त्र्यांना चहाचा ठसका लागला. "अरे यज्ञेश्वरा, ही तर माझी गादी! कधी बळकावलीस? जिंकलो मी, पेढे काढ!"

"गप रे वेण्या."

वेणीमाधवशास्त्र्यांनी मित्राच्या तोंडाकडे पाहिलं आणि कप खाली ठेवला.

"मला एक काय ते कळू द्या," सुमेधा म्हणाली. "रोज कुंकू लावताना हात अडखळतो माझा. शेजारची चाची विचारते, 'बहू, कुछ पता चला?' काय सांगू तिला? तुम्ही येत नसाल तर मी एकटी जाते."

तिनं पिशवी उचलली. शास्त्रीबुवांनी पुढे होऊन पिशवीचा बंद धरला.

"तो तिथं नसला, तर मला सांगू नकोस. गाडी चुकली म्हण, अन्नछत्र बंद होतं म्हण, वाटेत तापानं पडले म्हण."

"आणि असले तर?"

नसला तर काय म्हणायचं, याची शास्त्रीबुवांची रात्रभर जुळवाजुळव झाली होती. असला तर, हा पक्ष त्यांच्या मनात आलाच नव्हता.

सुमेधानं पिशवी हळूच आपल्याकडे ओढली. मग हलक्या आवाजात म्हणाली, "सोडा, मामंजी. गाडी जाईल."

"जाऊ दे," ते म्हणाले. "जाऊ दे गं पोरी."

बंद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.