माझ्यात तेल होतं

मी एक जुनी काचेची बाटली आहे. अशा गोष्टीत तुम्हाला मित्रांनो म्हणायची पद्धत आहे, म्हणून म्हणते, मित्रांनो. एरवी माणसांशी मैत्री करावी असं त्यांनी माझ्यासमोर फारसं काही केलेलं नाही. अपवाद एकच माणूस, आणि त्याच्या मरणानंतर तुम्ही लोकांनी त्याची जी शोभा केली, तीच मला सांगायची आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेली काच साच्यात ओतली, आत हवा फुंकली आणि मी तयार झाले. जाड बूड, लांब मान, फिरकीचं घट्ट झाकण. मग माझ्यात दारू भरली आणि अंगावर सोनेरी लेबल चिकटवलं. कपडे शिवण्याच्या कारखान्याच्या एका मालकानं मला विकत घेतलं आणि पाहुण्यांबरोबर एका बैठकीत रिकामं केलं. माझा दारूशी संबंध तेवढाच.

दुसऱ्या दिवशी तिथे शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस आला. त्याला सगळे मशीनवालाच म्हणत. मला खिडकीत पाहून तो मालकाला म्हणाला, "साहेब, ही टाकणार असाल तर मला द्या. माझा तेलाचा डबा गळतोय."

"काल भरलेली असताना आला असतास तर!" मालक हसला.

"नको साहेब, मला वासानंच गरगरतं."

त्यानं मला गरम पाण्यानं धुतलं, वाळवलं आणि माझ्यात मशीनचं तेल भरलं. लेबल खरवडायचा मात्र कंटाळा केला. पुढे कितीतरी वर्षं आम्ही दोघं कारखान्यांतून आणि घराघरांतून हिंडलो. पिशवीत पान्यांवर आपटू नये म्हणून तो मला जुन्या शर्टाच्या बाहीत गुंडाळायचा. जाम झालेल्या मशीनमध्ये माझ्यातले दोन थेंब पडले की चाक गुमान फिरायला लागायचं. "हिच्यासारखी इमानी बाटली नाही," असं तो बायकोला सांगायचा. त्याच्या हातांना कायम माझ्या तेलाचा वास असे.

मग तो दमायला लागला. जेवण सुटलं, अंग वाळलं आणि पोट फुगलं. दवाखान्यात लिव्हरचा कॅन्सर निघाला. भेटायला येणारा प्रत्येक जण आडून आडून एकच विचारायचा, आणि तो बिचारा प्रत्येकाला सांगायचा, "मी थेंबालाही शिवलो नाही." लोक मान डोलवायचे आणि एकमेकांकडे बघायचे. थोड्याच दिवसांत तो गेला.

त्याचा धाकटा भाऊ शाळेत विज्ञान शिकवतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. फावल्या वेळात तो व्यसनमुक्तीवर भाषणं देतो, कारण स्वतः निर्व्यसनी असल्याचं लोकांना सारखं सांगितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. माणसं सांत्वनाला जमली होती तेव्हा भावाची पिशवी उचलताना त्याला मी सापडले. मेलेला उंदीर धरावा तसं त्यानं मला दोन बोटांत धरलं.

"बघा! सख्खा भाऊ, पण मलाही कळू दिलं नाही."

मशीनवाल्याची बायको रडता रडता थांबली. "भाऊजी, तेल आहे हो त्यात. मशीनचं."

"जाऊ द्या हो जाऊबाई," मास्तरची बायको म्हणाली, "आता झाकून काय उपयोग?"

खोली माणसांनी भरली होती. झाकण उघडायला किती वेळ लागतो? पण एकानंही उघडलं नाही. नाक प्रत्येकाला होतं, पण ते मुरडण्यापलीकडे कशासाठी असतं हे कोणाला ठाऊक नव्हतं. मास्तर मला आपल्या घरी घेऊन गेला.

आणि मित्रांनो, मी भाषणाला जाऊ लागले! मास्तर मला टेबलावर ठेवायचा आणि भरल्या आवाजात म्हणायचा, "या बाटलीनं माझा मोठा भाऊ खाल्ला!" टाळ्यांचा कडकडाट व्हायचा. तिकडे त्याची वहिनी रस्त्यानं निघाली की बायका बोलायच्या थांबत. तिनं जन्मभर ज्याची सेवा केली तो माणूस लोकांच्या लेखी चोरटा दारुडा ठरला होता.

एक दिवस मशीनवाल्याची मुलगी मास्तरकडे आली. ती औषधांच्या दुकानात कामाला आहे. मी समोर फळीवरच होते.

"काका, बाबा असताना डॉक्टरबाईंनी त्यांचं रक्त तपासायला पाठवलं होतं. त्यांच्यात एक जनुक बदललेलं निघालंय. त्यामुळे लिव्हरमध्ये चरबी साचते, लिव्हर आतून निबर होत जातं आणि कॅन्सरचा धोका वाढतो. दारू न पिणाऱ्याचासुद्धा."

"म्हणजे आमच्या रक्तातच खोट आहे म्हणतेस?"

"खोट कसली? तुमचं नाक आजोबांसारखं आहे ना, तसंच हे. बाबांना ते आजोबांकडूनही आलं आणि आजीकडूनही. माझ्यात निदान एक तरी आहेच. असलं म्हणजे कॅन्सर होतोच असं नाही, पण लक्ष ठेवावं लागतं. मी सोनोग्राफी केली, ठीक आहे. तुम्हीही चला. काकू म्हणाली, तुम्ही हल्ली फार दमता."

"मी? लिव्हरच्या दवाखान्यात रांग लावू? लोक काय म्हणतील? तुझ्या बापाचं पाप जनुकांवर ढकलू नकोस."

हा माणूस फळ्यावर वाटाण्याची रोपं काढून मुलांना आनुवंशिकता शिकवतो. रोपांचं त्याला पटतं. फक्त स्वतःच्या घरातलं पटत नाही.

पुढचं भाषण त्याच्याच शाळेत होतं. अर्ध्यावर तो घामाघूम होऊन खाली बसला, पाणी प्यायला आणि पुन्हा उभा राहून माझ्याकडे बोट दाखवू लागला. तेवढ्यात पुतणी प्रेक्षकांतून उठून थेट मंचावर आली.

"काका, झाकण उघडा."

"मी असल्या वस्तूचं झाकण..."

"सगळीकडे मिरवता आणि वास घ्यायला घाबरता?"

तिनं मला उघडलं आणि त्याच्या तळहातावर उपडं केलं. पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "अगं बाई, हे तर मशीनचं तेल!" मुलं खो खो हसली. मास्तर मात्र हात नाकाशी धरून तसाच उभा राहिला. लहानपणी हाच वास असलेल्या हातांनी त्याला सायकल शिकवली होती. मला त्या क्षणी त्याची दया आली, हे मी नाकारत नाही.

पण फार नाही. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात गेला तो स्वतःचं लिव्हर स्वच्छ असल्याचं सिद्ध करायला. निघालं उलटंच. तेच जनुक, तेही दोन्हीकडून आलेलं. लिव्हर निबर झालेलं आणि त्यात एक लहानशी गाठ. "वेळेवर आलात, काढता येईल," डॉक्टरबाई म्हणाल्या. पुतणी मंचावर चढली नसती, तर तो पुढच्या वर्षीची भाषणं द्यायला उरला नसता.

ऑपरेशनच्या आधी लोक त्याला घरी भेटायला आले. भाषणाच्या दिवशी बाहेरगावी असलेले हेडमास्तर खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाले, "मास्तर, आपल्यातच राहील. कधीमधी, थोडीशी?"

"मी थेंबालाही शिवलो नाही!"

हेडमास्तरांनी मान डोलवली आणि शेजाऱ्याकडे पाहिलं. मग दोघांची नजर फळीवर माझ्या सोनेरी लेबलावर येऊन थांबली.

मास्तरचा चेहरा पांढराफटक पडला. "तेल आहे हो त्यात," तो म्हणाला. "मशीनचं."

"असू द्या, असू द्या," हेडमास्तर म्हणाले.

त्याची वहिनी दारापाशी उभी होती. तिला हसता आलं असतं. मी तर हसलेच असते. ती पुढे आली, तिनं मला फळीवरून काढलं, झाकण फिरवलं आणि मला हेडमास्तरांच्या नाकाखाली धरलं.

"घ्या वास," ती म्हणाली. "माझा दीर दारू पीत नाही. माझा नवराही पीत नव्हता."

मास्तरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

गाठ निघाली. तो आता नेमानं तपासणीला जातो आणि मी पुन्हा वहिनीच्या घरी, तिच्या शिलाई मशीनशेजारी आहे. लेबल तिनं अजून काढलेलं नाही. मित्रांनो, तुमच्या घरात असा आजार झाला असेल, तर भावंडांनो, मुलांनो, लाज न धरता डॉक्टरांकडे जा. आणि कोणाच्या मरणावर तोंड उघडण्याआधी एकदा झाकण उघडून बघा. तुम्ही ऐकाल अशी मला फारशी आशा नाही. तिनं लेबल बहुधा त्यासाठीच ठेवलंय. कोणी त्याच्याकडे टक लावून पाहू लागलं, की ती शिवण थांबवते आणि मला उचलून त्याच्या हातात देते.