माघारीराव

"दादा, छप्पर दिसलं मला. लाल. अगदी स्पष्ट," धाकटा भाऊ खिडकीला नाक लावून म्हणाला.

दादांनी ऐकलं आणि विमानाचं नाक वर उचललं. त्यांना छपरावर उतरायचं नव्हतं. ठरलेल्या उंचीपर्यंत खाली यायचं, धावपट्टी दिसली नाही की वर जायचं, हा नियम. आणि समोर तर कुणी बाहेरून काचेवर रजई टाकावी तसं धुकं होतं.

या चार आसनी विमानातून डोंगरावरच्या गावी टपाल, औषधं आणि क्वचित माणसं नेण्यात दादांची उमर गेली होती. विमानतळावर त्यांना माघारीराव म्हणत. न उतरता परत येईल त्याने सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजायचा आणि वर टिंगलही निमूट गिळायची, अशी तिथली रीत. त्यामुळे दादांचा चहा फारच सुधारला होता. ज्याला चहा करण्याची वेळच आली नाही असा एकच वैमानिक तिथे होता; सगळ्यांचा लाडका. मागच्या हिवाळ्यात अशाच धुक्यात 'एवढंसं आणखी खाली' जाऊन बघताना तो धावपट्टीच्या अलीकडच्या टेकडीवर आदळला. त्यानंतरही चहाची रीत चालू राहिली. टिंगल तेवढी थांबली.

आज विमानात टपाल नव्हतं. खाली, त्या धुक्याच्या तळाशी, ताई अखेरच्या घटका मोजत होती. आईमागे या दोघांना तिनेच वाढवलं. सकाळी भावजींचा फोन आला होता: यायचं तर आत्ताच या.

दुसऱ्या खेपेला मधेच फट पडली. छप्पर दिसलं, शाळेचं कुंपण दिसलं. धावपट्टी सोडून अख्खा गाव आळीपाळीने दर्शन देऊन गेला. दादांचा हात क्षणभर घुटमळला. मग विमान चढलं आणि वळलं.

"उगीच नाही तुला माघारीराव म्हणत," धाकटा म्हणाला. "ताई वाट बघतेय रे."

"माहीत आहे."

"जरासं आणखी खाली गेलो असतो तर?"

"तर तिच्याआधी पोचलो असतो."

परतल्यावर दादांनी चहा उधार ठेवला आणि कुणाची तरी जीप मागून घेतली. घाटातही धुकं सोबतीला होतंच. पुढचं वळण दिसेल तेवढ्याच वेगाने दादांनी जीप हाकली. वाटेत धाकट्याने एकदा सुस्कारा सोडला, तेवढंच संभाषण.

पोचेपर्यंत संध्याकाळ झाली. भावजी दारातच उभे होते, त्यामुळे विचारायचं काही उरलं नाही. दुपारी गेली, ते म्हणाले. विमानाचा आवाज तिने दोनदा ऐकला होता.

"दुसऱ्यांदा आवाज लांब गेला, तेव्हा म्हणाली, परत फिरले वाटतं. पोरं शहाणी झाली. मग काही बोलली नाही."

धाकटा आत जाऊन तिच्या उशाशी बसला. दादा भिंतीला टेकून उभे राहिले. बऱ्याच वेळाने धाकटा, मान वर न करता, थोडा बाजूला सरकला.