निकाल एक-एक

फुटबॉलमधलं सगळं काशम्माला कळायचं असं नाही. पण चेंडू जाळ्यात गेला की गोल होतो, एवढं तिला कळत होतं, आणि त्या रविवारी चेंडू जाळ्यात गेला होता. तिच्या डोळ्यांदेखत गेला होता. तरीही निकाल लागला एक-शून्य.

काशम्मा सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत राजशेखर मालकांच्या कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवायची. मूळची वळसंगची. घरात कानडी, कारखान्यात मराठी आणि भांडताना दोन्ही. संघात तिचं पोरगं नव्हतं, पुतण्या नव्हता, भाचा नव्हता. सुट्टीच्या दिवशी शेडमागं यंत्रमागावरची पोरं खेळायची, ती बघत बसायची. बघता बघता नाद लागला. नवरा म्हणायचा, "बायामाणसांनी बॉल बघायचा असतो व्हय?" ती म्हणायची, "का? बॉल बायामाणसाला दिसत न्हाय?"

फायनल होती मालकांच्याच कपाची. राजशेखर मालक स्पर्धा भरवायचे, कप द्यायचे आणि कप न्यायचा तोही त्यांचाच संघ. बाहेरगावची पोरं आणायची, कारखान्याच्या हजेरीवर चढवायची, फायनल झाली की पोरं गायब. लग्न लावणारा तोच, नवरदेव तोच आणि आहेरही त्याच्याच घरात. यंदा मात्र कामगार संघ पहिल्यांदाच फायनलला आला होता. दहा शेडमधली पोरं, कुणाचे बूट मागून आणलेले, कुणाचे शिवून घेतलेले. कप्तान सिद्धलिंग. पाळी संपवून, तोंडावर पाणी मारून मैदानावर आलेला.

या लोकांची एक रीत होती. धागा सुटलेला, डाग पडलेला माल कारखान्यात बाजूला निघतो, तो कामगारांनाच मिळतो. त्यामुळं प्रत्येकाच्या खांद्यावर टॉवेल. आपला गडी चेंडू घेऊन सुटला की तोच टॉवेल डोक्यावर गरागरा फिरवायचा. तसे सगळ्यांचे टॉवेल पांढरे. काशम्माचा तेवढा पिवळा.

आणि त्या दिवशी ऑफसाइड दाखवायचे लाइनमनचे झेंडे आणायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मालक हसून म्हणाले, "त्यात काय एवढं? माल आपलाच हाय." गाडीतून पिवळे टॉवेल काढले, काठीला बांधले आणि लाइनमनच्या हातात दिले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सोलापुरात टॉवेलनं घामही पुसतात, भाकरीही बांधतात, पाहुण्याचा सत्कारही करतात. झेंडा केला तर काय बिघडलं?

बिघडलं ते शेवटच्या पाच मिनिटांत.

मालकांचा संघ एका गोलनं पुढं होता. सिद्धलिंगला डाव्या अंगाला चेंडू मिळाला आणि तो सुटला. काशम्मा दोरीला चिकटून उभी होती, लाइनमन अभिमन्यूच्या बरोबर पाठीमागं. "हाण रे माझ्या राजा!" ती ओरडली आणि टॉवेल फिरवला. सिद्धलिंगनं शेवटच्या गड्याला चकवलं, आणि त्याच क्षणाला रेफरीची शिट्टी वाजली. ती कुणाला ऐकूच गेली नाही. गोलकीपरनं जीव तोडून झेप घेतली, मातीत घासत गेला, आणि चेंडू त्याच्या बोटांवरून जाळ्यात.

लोक नाचायला लागले. रेफरी हात वर करून उभा. ऑफसाइड.

"अरे कसला ऑफसाइड? चष्मा घरी ठेवून आला काय?"

"मालकाचं मटण खाल्लंय त्यानं, शिट्टीतनं वास येतोय!"

अभिमन्यू गोंधळून आपल्या हाताकडं बघत होता. त्याची काठी जमिनीकडं होती. काशम्मानं ती पाहिली. मग तिनं आपला वर राहिलेला हात पाहिला, हातातला पिवळा टॉवेल पाहिला.

"सोनाली," शेजारी उभ्या मैत्रिणीला ती म्हणाली, "रेफरीनं झेंडा बघितलाच न्हाय. माझा टॉवेल बघितला."

"गप!" सोनालीनं तिचा दंड धरला. "मालक समोर बसल्यात. कामावर जायचंय की न्हाय उद्या?"

तोवर खेळ सुरूही झाला आणि संपलाही. दोरी तुटली, माणसं आत घुसली. एका तरण्या गड्यानं दगड उचलला. काशम्मानं त्याचं मनगट पकडलं.

"ठेव खाली."

"अक्का, सोडा! चोर हाईत समदे!"

"हाईत की. पण तू दगड मारलास, तर उद्या गावाला दगडच दिसल. गोल कुणालाच दिसायचा न्हाय. ठेव म्हणते ना!"

त्यानं ठेवला. मनातून नव्हे, पण ठेवला. काशम्मा सरळ मंडपाकडं निघाली. मागून माणसं निघाली.

मंडपात शाली, नारळ, पाहुणे, सगळा थाट मांडलेला. रेफरी पाणी पीत होता.

"सायेब, तुमी काय बघून शिट्टी मारली?"

"झेंडा बघून. बाई, रेफरीचा निर्णय अंतिम असतो."

"अंतिम असू द्या की. खरा हाय का, ते सांगा."

रेफरीनं मालकांकडं पाहिलं. तिथंच उत्तर मिळालं, पण काशम्माला ते तोंडानं हवं होतं. "पिवळा टॉवेल मी फिरवला. ह्या पोराची काठी खाली होती. विचारा त्याला."

अभिमन्यू पुढं आला. कॉलेजचं पोरगं, पहिल्यांदाच फायनलला उभं राहिलेलं. "सर, मी... मी काठी वर केली नव्हती."

रेफरीनं पेला खाली ठेवला. पण मालक पक्के व्यापारी. ते खुर्चीत मागं रेलले.

"म्हणजे प्रेक्षकानं खोटा झेंडा दाखवून पंचाला फसवलं, असं म्हणायचं. मग चूक कुणाची? तुमचीच. कामगार संघाला पुढच्या वर्षी एंट्री नाही." मग आवाज मऊ झाला. "काशम्मा, तू आपल्या कारखान्याची ना? माइकवर दोन शब्द सांग. टॉवेल खांद्यावरच होता, गैरसमज झाला. पोरांना उपविजेत्याची ढाल देतो. तू उद्या कामावर ये. विषय संपला."

काशम्मानं वळून सिद्धलिंगकडं पाहिलं. तो गुडघ्यावरचं रक्त मोज्यानं पुसत होता.

"अक्का, राहू द्या," तो म्हणाला. "तुमचं काम जाईल."

"माझ्या कामाचं मी बघते. तू तुझं सांग. पुढल्या वर्षी ह्यो मैदानात घेणार न्हाय म्हणतोय."

सिद्धलिंगनं आपल्या पोरांकडं पाहिलं. मग मागून एकजण म्हणाला, "आत्ताबी कुटं घेतलंय?"

पोरं हसली. रडकुंडीला आलेली, मातीनं माखलेली पोरं मनापासून हसली. सिद्धलिंगनं मान हलवली. "बोला, अक्का."

काशम्मानं माइक हातात घेतला.

"मी काशम्मा. राजशेखर मालकांच्या कारखान्यात कडा मारते. पिवळा टॉवेल मी फिरवला. पोरगं सुटलं म्हणून आनंदानं फिरवला. रेफरीसायबांना तो झेंडा वाटला. माणूस हाय, चुकतो. पण चुकल्यावर चुकलो म्हणायला काय दातखीळ बसत्ये? आता म्हणत्यात चूक माझी. टॉवेलाचे झेंडे मी केले? आमी जिंकलो असं आमी म्हणत न्हाय. एक-एक झालं, एवढंच म्हणतो. फुडं काय झालं असतं ते सिद्धेश्वराला ठाव."

निवेदकानं तिच्या हातातून माइक ओढून घेतला. "शांतता राखा! अंतिम सामन्याचा निकाल, एक-शून्य..."

"एक-एक!" मैदान गरजलं.

"एक-शून्य अशा फरकानं..."

"एक-एक!"

या खेपेला आवाज इतका मोठा होता की मंडपाचं कापड हललं म्हणतात. हललं नसेलही. पण प्रमुख पाहुणे मात्र नक्की हलले. ते मालकांच्या कानाशी वाकून म्हणाले, "नक्की किती-किती झालं हो?" माइक चालूच होता. सगळ्या मैदानानं ते ऐकलं, आणि हशा असा पिकला की निवेदकानं निकाल सोडून थेट बक्षिसाकडं उडी मारली.

उपविजेत्यांचं नाव पुकारलं. कुणी गेलं नाही. पुन्हा पुकारलं. सिद्धलिंग मैदानात फतकल मारून बसला, त्याच्याभोवती पोरं बसली आणि पोरांभोवती शेडशेडची माणसं. ढाल टेबलावर तशीच. विजेत्या पोरांनी कप घेतला खरा, पण खाली माना घालून, उधारी चुकवायला आल्यासारखं. त्यांचा गोलकीपर तर स्टेजवर चढलाच नाही. कोपर खरचटलेलं, त्यावर फुंकर घालत तो कडेला उभा राहिला. शिट्टी ऐकलेला माणूस अशी झेप घेत नाही, म्हणजे गोल खराच होता, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मालक मंडपातून उतरले. काशम्मासमोर थांबले. आता मऊपणा गेला होता.

"उद्यापासून यायचं नाही."

"येणार," काशम्मा म्हणाली. "सकाळच्या पाळीला गेटवर येणार. काढायचं आसल तर कागदावर लिहून द्या, का काढलं ते. 'गोल झाला म्हणाली म्हणून काढलं' असं लिहा. खाली सही करा तुमची. मी ते गावभर दाखवते."

मालक तडक गाडीत जाऊन बसले. गाडीचं दार आपटलं. निवेदक ओरडत होता, "मैदान रिकामं करा, मैदान रिकामं करा," आणि एकही माणूस उठत नव्हता.

काशम्मा पोरांजवळ जाऊन खाली बसली. उद्या चूल पेटल, परवाचं काय, हा विचार तेव्हा कुठं आला. आला तसा तिनं येऊ दिला. सोनाली शेजारी येऊन टेकली. तिनं गवताची एक काडी तोडली.

"गप बस म्हणलं होतं तुला," ती म्हणाली.

"म्हणलं होतंस."

"आता सकाळी एकटी जाऊ नको. मीबी येते गेटवर. शिलाईतल्या बाकीच्यांनाबी आवाज देते." तिनं काडी फेकून दिली. "सहीला पेन मी आणते. न्हायतर त्येला तेवढंच निमित्त हुईल."