दहा सेकंदांची उसंत

या धंद्यात सव्विसावं वर्ष म्हणजे म्हातारपण. ब्योंग-सूला सव्विसावं लागून चार महिने झाले होते, आणि सोलमधल्या त्यांच्या सात जणांच्या संघात सगळे, अगदी स्वयंपाकाच्या बाईसुद्धा, त्याला 'आजोबा' म्हणत. तो हसायचा. दुसरं करणार काय?

काम एकच. दिवसाचे बारा तास संगणकासमोर बसून पडद्यावरच्या फौजा लढवायच्या. इथे कुमक पाठव, तिथे माघार घे, मागे कामकरी खाणीवर लागलेत का बघ, आणि हे सगळं एकाच श्वासात. ज्यांचं पोट त्यावर चालत नाही ते त्याला खेळ म्हणतात.

सोमवारी कोच मा यांनी जेवताना सगळ्यांसमोरच सांगून टाकलं. "कंपनीनं हात आखडता घेतलाय. सातातला एक जाणार. गुरुवारी ब्योंग-सू आणि दो-ग्योमचा सामना आहेच. हरेल त्यानं सामान बांधायचं. रडारड नको."

पोरांचे चमचे थांबले. दो-ग्योमनं मान खाली घातली आणि सूप तसंच ठेवून उठला.

हा दो-ग्योम चौदाव्या वर्षी संघात आला, तेव्हापासून ब्योंग-सूच्या शेजारी बसून शिकला. 'ह्योंग' म्हणायचा, थोरल्या भावाला म्हणतात तसं, आणि मानायचाही तसंच. ब्योंग-सूनं त्याला काय नाही शिकवलं! "अरे गाढवा, रांगेनं कुठे चाललास? रांगेत गेलास की एकेक करून मरतोस. आधी थांब, फौज अर्धगोल पसरव, सगळ्यांच्या बंदुका एकदम पोचल्या पाहिजेत. मग भिड. आणि जखमी झाला त्याला मागे घे. जेमतेम धुगधुगी उरलेला शिपाईही धडधाकटाइतकाच मारतो. मेलेला मारत नाही."

जखमींना वेचून मागे घेणं ही तर ब्योंग-सूची खासियत. शंभर जणांच्या गर्दीतून तो बरोबर तो एक उचलायचा. लोक तेवढ्यासाठी त्याचे सामने बघायचे.

पण हिवाळ्यापासून त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं बधिर होती. सामन्याआधी सगळेच हात शेकायच्या पिशव्या मुठीत धरून बसतात, म्हणून कुणाला संशय आला नाही. त्यानंही मिठाची गुळणी धरली. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेली, बाप तेव्हापासून बोलत नाही, आणि या खोलीबाहेर त्याला जगातलं दुसरं काहीही येत नव्हतं. जागा गेली तर तो कोण होता?

गुरुवारी दोघं काचेच्या दोन खोक्यांत बसले. मधे मंच, समोर चारशे माणसं. आत बाहेरचा आवाज येत नाही.

सातव्या मिनिटाला ब्योंग-सूची फौज अरुंद पुलावरून निघाली आणि पलीकडच्या तोंडाशी दो-ग्योम वाट बघत उभा होता, अर्धगोल पसरून. गुरूची विद्या गुरूलाच. ब्योंग-सूनं माघारीचा हुकूम दिला, जखमींवर माउसचा बाण नेला, बटण दाबलं. बोट हललंच नाही. पुन्हा दाबलं. ज्याला उचलायचं तो तिथेच राहिला आणि मेला. मग त्याच्या शेजारचा. बघता बघता निम्मी फौज पुलावर आडवी झाली. इतक्या वर्षांत असं त्याच्या हातून कधी झालं नव्हतं, आणि हे ओळखणारा एकच माणूस समोरच्या काचेत बसला होता.

उरलेले कसेबसे अलीकडे आले. आता दो-ग्योमनं पूल ओलांडला की खेळ खलास. अशा वेळी दोन अक्षरं लिहून शरण जायचं असतं. ब्योंग-सूचा डावा हात त्या अक्षरांवर गेलाही.

दो-ग्योमची फौज पूल ओलांडेना. एक पाऊल पुढे आली, थांबली. पुन्हा आली, पुन्हा थांबली. या खेळात दहा सेकंद म्हणजे युग, आणि तो दहा सेकंद उभा राहिला.

'घाबरला पोरगा,' ब्योंग-सूनं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे हे त्याला सांगतानाच कळत होतं. त्यानं अक्षरांवरचा हात काढला, तळावरची ताजी कुमक विमानात भरून पुलापलीकडे, दो-ग्योमच्या पाठीमागे उतरवली, आणि पुढून उरलेले सगळे त्याच्या अंगावर सोडले. उभी फौज दोन्हीकडून कापली गेली. शरण जायची दोन अक्षरं दो-ग्योमनं लिहिली. लोक उभे राहून ओरडत होते, म्हणे आजोबांनी पोराला कसा गंडवला!

दुसऱ्या सकाळी संघाच्या रिवाजाप्रमाणे सामना परत लावला. हरलेल्यानं उभं राहून आपली चूक सांगायची.

कोचनी पुलापाशी चित्र थांबवलं. "हल्ल्याचा हुकूम दिलास, रद्द केलास. दोन वेळा! झोप लागली होती का?"

"चुकलं, सर. वाटलं, फौज कमी पडेल."

"कमी? दुप्पट होती! आंधळ्यालाही दिसलं असतं."

सगळे हसले. दो-ग्योमही हसला. ब्योंग-सू जमिनीकडे बघत बसला. 'माझा हात चालत नव्हता,' एवढं त्याचं एक वाक्य पुरलं असतं.

दुपारी दो-ग्योम निघाला. पाठीवर सॅक, काखेत कीबोर्ड. ब्योंग-सू लिफ्टपर्यंत गेला.

"ह्योंग, हात डॉक्टरला दाखवा."

"तुला कळलं होतं?"

"तुमचा जखमी माणूस मागे येत नाही म्हटल्यावर काय कळायचं राहिलं?"

"मग मला कशाला जिंकू दिलंस, वेड्या?"

दो-ग्योमनं चमकून वर पाहिलं. "जिंकू दिलं? नाही हो. तुमची थोडी फौज उभी आहे तोवर तुम्ही शरण जाल, असं वाटलं मला. मानानं. एवढ्या लोकांसमोर तुमचा शेवटचा माणूस माझ्या हातून मरायला नको, म्हणून थांबलो होतो." लिफ्ट आली. तो आत गेला आणि वळून कमरेत वाकला. "तुम्ही चाल करून याल असं वाटलंच नाही, ह्योंग."

दार मिटलं. ब्योंग-सू तरातरा मागे आला. सांगायचं, आत्ताच सांगायचं, पोरगं अजून रस्त्यावर असेल. कोचचं दार उघडंच होतं.

"काय आजोबा?" कोचनी मान वर न करता विचारलं.

"काही नाही, सर," ब्योंग-सू म्हणाला. "सराव किती वाजता, तेवढंच विचारायचं होतं."