बोअरच्या पाण्याचा चहा

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात गोड्या पाण्याची विहीर म्हणजे नशीबच, आणि देवीदासच्या वावरात ती होती. अर्धं गाव तिचं पाणी प्यायचं. पण वरूडच्या व्याह्यांची संत्राबाग पाहून आल्यापासून या शहाण्याच्या अंगात वारं शिरलं होतं.

"गोडं पानी वरवरच हाये, खाली सारं खारं. कावून खोल जाऊन राह्यले?" बेबीताईने नवऱ्याला विचारलं.

"तुले काय समजते?" म्हणत त्याने वावरात संत्र्याची रोपं लावली, विहिरीला लागूनच बोअर मारली आणि रात्रंदिवस मोटर चालवली. उन्हाळा सरायच्या आत खालचं खारं पाणी वर चढलं. संत्र्याची रोपं करपली, विहीरही खारट झाली.

आज व्याही बाग पाहायला आले. देवीदास आत येऊन कुजबुजला, "चहाले कॅनचं पानी घेजो."

बेबीताईने नेमकं तेच घेतलं नाही.

व्याह्यांनी कपातल्या गुठळ्या पाहिल्या. "दूध नासलं वाटते?"

"दूध आत्ताचंच हाये, भाऊ. पानी यांच्या बोअरचं हाये," बेबीताई म्हणाली. "बाग तर दिसनार नाही, पानी तरी चाखून जा. आमाले तर जलमभर तेच प्याचं हाये."