कोनाड्यातला वारा

मंदारने उदबत्ती पेटवून कोनाड्यात धरली आणि दुसऱ्या हाताने पंखा बंद करायची खूण केली.

"खिडकी असू द्या. संध्याकाळी असते तशीच."

सुलभाबाईंनी बटण दाबले. फ्रीगंजमधल्या या पोथीशाळेत त्यांची एकतीस वर्षे गेली होती. तीन वर्षांपूर्वीच्या आगीत चारशे पोथ्या गेल्या. उरलेल्या अकरा कपाटांत होत्या. त्यांच्यासाठी इंदूरहून हा इंजिनियर आला होता.

"छताखालून नळ्या जातील," तो म्हणाला. "नळ्यांना बारीक भोके. यंत्र सारखी खोलीतली हवा ओढणार आणि तपासणार. डोळ्यांना धूर दिसायच्या आत कळेल. पूर्वी हा माल बाहेरून मागवायचा म्हणजे वर्षे जायची, आता सहज मिळतो."

"म्हणजे आमच्या बाईंचं नाकच समजा," खुर्चीतून चिटणीस वसंतराव म्हणाले. "तंबाखू खाऊन आलो, तर मलासुद्धा दारातून परत पाठवतात, भई!"

दुर्गा चहा घेऊन आली आणि उंबऱ्याशीच थांबली. ती इथे झाडलोट करायची. तिचा नवरा सुधाकर संस्थेचा वायरमन होता. आगीनंतर त्याने बांधलेल्या जोडावर बोट ठेवले गेले आणि त्याला काढून टाकले. पुढे तो घराच्या ओट्यावर बसून वायरचा एकच तुकडा सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. मागच्या श्रावणात गेला. त्याआधी एकदा तो इथे, याच उंबऱ्यापर्यंत आला होता. "बाई, जोड पक्का होता," एवढेच म्हणाला. सुलभाबाईंनी रजिस्टरमधून मान वर केली नव्हती.

उदबत्तीचा धूर वर गेला नाही. कोनाड्यातून आडवा निघाला, भिंतीला चिकटून सरकला आणि पलीकडच्या काळ्या पडलेल्या भिंतीपाशी जाऊन वर ओढला गेला. पूर्वी तिथे सागवानी फडताळ होते. राखेचा एक कण सुटला आणि त्याच वाटेने गेला.

"अरे वा," मंदार म्हणाला. त्याने स्टुलावर चढून पाहिले. "वर झरोका आहे. खिडकीचा वारा कोनाड्यातून वळून सरळ तिकडे जातो. इथे एक भोक हवंच." त्याने नकाशावर खूण केली. "या कोनाड्यात काय ठेवता तुम्ही?"

"धुपाटणं," दुर्गा म्हणाली. "रोज दिवेलागणीला, कुलूप लावायच्या आधी. चुलीतले अंगारे मी आणून देते. ठेवतात बाई."

"त्यात काय घालता?"

"गुग्गुळ," सुलभाबाई म्हणाल्या. "कडुनिंबाचा पाला. कसर लागू नये म्हणून." त्या थांबल्या. "आणि नारळाची शेंडी. निखारा फुलावा म्हणून."

नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तेव्हाच्या प्रमुख अक्कांनी त्यांना ते शिकवले होते. शेंडी अगदी वाळलेली घ्यायची, पिंजून घालायची. पेटलेला एखादा धागा लाल टोक घेऊन उडायचा. तरुण वयात त्या तो विझेपर्यंत पाहत उभ्या राहायच्या. पुढे पुढे कुलूप लावायची घाई असायची.

त्यांनी काळ्या भिंतीकडे पाहिले. मग दुर्गाकडे. दुर्गा भिंतीकडेच पाहत होती. मग तिने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला.

"यंत्र लागलं की धूप बंद करावा लागेल," मंदार म्हणाला. त्याने छापील कागद काढला. "पूर्वीच्या आगीचं कारण..." त्याचे पेन थांबले. त्याने एकदा कोनाड्याकडे पाहिले. "अहवालात वायरिंग आहे. तेच लिहू?"

"तेच लिहा," वसंतराव म्हणाले. "मंजुरी त्याच्यावरच आलीय. कारण बदललं, की फाईल भोपाळला परत. मग बसा आणखी तीन वर्षं हातावर हात ठेवून."

मंदार मात्र सुलभाबाईंकडे पाहत राहिला.

त्यांनी जवळच्या कपाटाच्या दारावर हात ठेवला. आतल्या पोथ्यांचा प्रत्येक रुमाल त्यांनीच बांधलेला होता, प्रत्येक चिठ्ठीवर त्यांचे अक्षर होते. खाली रस्त्यावर टेंपोवाला सवाऱ्यांसाठी टावर, टावर ओरडत होता. तो दूर गेला.

"लिहा," त्या म्हणाल्या.

"वायरिंग?"

त्यांनी होकारार्थी मान हलवली. मंदारने लिहिले आणि कागद पुढे सरकवला. पोथीशाळा-प्रमुख म्हणून त्यांची सही हवी होती. त्यांनी सही केली. नेहमीसारखीच सरळ आली.

माणसे बोलत जिना उतरून गेली. खिडकीतले ऊन कपाटांवरून सरकून काळ्या भिंतीवर चढले आणि विझले. दुर्गाने कप गोळा केले. सुलभाबाईंचा भरलेलाच होता, वर साय धरली होती. तिने तोही उचलला. दाराशी जाऊन ती वळली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

"बाई, आज अंगारे आणू?"