फुगा, वस्तरा आणि चिमीचं जावळ

"पोरीच्या देखत वस्तरा काढू नको गो," हिराबाईंनी सुनेला आधीच बजावलं होतं. "तिला खेळ वाटेल."

निलमने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. चिमीला अजून धड उभं राहता येत नव्हतं, तिला वस्तऱ्यातलं काय कळणार? शिवाय चिमीला नजरेआड ठेवून काही करणं निलमच्या स्वभावातच नव्हतं. पोरगी गाढ झोपली तरी ही तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना, ते बघून यायची.

भानगड झाली ती जावळावरून. घोलवडबाहेरच्या त्या पाड्यावर निलमच्या सासऱ्यांच्या, लाहूबाबांच्या घरातल्या झाडून सगळ्या पोरांचं जावळ एकाच वस्तऱ्याने निघालं होतं. तो डब्यातून बाहेर आला तेव्हा पात्यावर तांबूस गंजाचे ठिपके होते. बी.एस्सी. झालेल्या निलमच्या डोळ्यांपुढे धनुर्वाताचे जंतू रांगेने उभे राहिले.

"आई, झिपरूकाका न्हावी येणारच आहेत, त्यांना त्यांच्या वस्तऱ्यात नवं ब्लेड घालूनच करू दे ना."

"याच वस्तऱ्याने तुझ्या नवऱ्याचं केलं. मेला का तो?"

मिथुन जेवत होता. त्याने घास तोंडात ठेवूनच, मेलो नाही, अशी मान हलवली.

"मग धार मी लावणार," निलम म्हणाली. "मला पटली तरच तो चिमीच्या डोक्याला लागेल. टाळूवर एक ओरखडा उठलेला मी खपवून घेणार नाही."

झालं! निलमने बारीक पॉलिशपेपरने गंज घासला, वस्तरा उकळत्या पाण्यातून काढला आणि ओसरीवर बैठक मारली. पण पाड्यावर धार म्हणजे कोयत्याची. लाहूबाबांनी आपला खरखरीत दगड आणून दिला आणि वरून, "दाब दे, अजून दाब दे," म्हणून जोर चढवला. येणारा जाणाराही एकेक हात मारून गेला. संध्याकाळपर्यंत पात्याला करवतीसारखे दाते आले. त्याने केस कापला जाईना, नुसता उपटला जाई. हे मिथुनच्या दंडावर सिद्ध झालं.

त्या वर्षी घराघरात जिओचं सिम आलं होतं. निलमने चिमीला मांडीवर घेऊन व्हिडिओ पाहिले. वस्तऱ्याला दाबायचं नसतं. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून, पिसासारख्या हलक्या हाताने फिरवायचं. मग डहाणूच्या बाजारातून बारीक दगड आला. दाते गेले. आता चामड्यावर शेवटचा हात फिरवायचा, म्हणून मिथुनचा पट्टा खिडकीला बांधला. दगडावर धार पुढे, चामड्यावर पाठ पुढे, एवढं निलमने परीक्षेसारखं पाठ केलं होतं. आनंदाच्या भरात नेमकं उलटं झालं आणि पट्ट्याचे दोन तुकडे झाले.

"अहो, पट्टा कापला!" ती नाचायलाच लागली.

"त्यात आनंद कसला?"

"म्हणजे धार आली ना!"

मिथुन त्या दिवशी पँट सुतळीने बांधून चिकूच्या पॅकिंगला गेला.

तरी निलमचं मन मानेना; टाळूइतक्याच नाजूक कशावर तरी परीक्षा हवी होती. तलासरीहून तिचा भाऊ दिपक जावळाच्या कार्यक्रमासाठी फुगे घेऊन आला होता. तिने एक फुगवला, त्यावर दाढीचा फेस थापला आणि वस्तरा टेकवला. फट्ट! फेस दिपकच्या नाकावर, दाराच्या चौकटीवर, हिराबाईंच्या पापडांवर. आणि चिमी? ती खदाखदा हसली. दुसरा फुगा, फट्ट! तिला उचकी लागली. मग पट्ट्याच्या उरलेल्या तुकड्यावर हात फिरवायचा, की पुन्हा फुगा. रोज हाच तमाशा. नंतर नंतर वस्तरा उघडताना दिसला, की चिमी आधीच टाळ्या पिटायची.

अखेर एका सकाळी वस्तरा फुग्यावरून लोण्यातून जावा तसा गेला. फेस गेला, फुगा शाबूत! निलमने किंकाळी मारली. फुगा फुटला नाही म्हणून चिमीने भोकाड पसरलं.

जावळाच्या दिवशी अंगणात मांडव पडला. मामा म्हणून दिपकने चिमीला मांडीवर घेतलं, केस खाली पडू नयेत म्हणून दक्षाआत्याने पदर पसरला. झिपरूकाकांनी वस्तरा आपल्या मनगटावर फिरवून पाहिला आणि भुवया उंचावल्या. "बाई, धार लावलीस की गंमत केलीस? हा तर हवा कापेल!"

त्यांनी वस्तरा उचलला आणि चिमी खिदळली. उड्या काय, टाळ्या काय! वस्तरा जवळ येईल तसं डोकं स्वतःच त्याच्यावर आदळायला बघे. झिपरूकाकांनी झटकन हात मागे घेतला. खुळखुळा झाला, केळं झालं, मोबाइल झाला. पोरगी वस्तऱ्यावरची नजर हटवेना. निलमने कपाळाला हात लावला. धार बोथट असती तर ओरखड्यावर भागलं असतं. एवढ्या धारेपुढे हे नाचणारं डोकं!

"सांगितलं होतं की नाय?" हिराबाई म्हणाल्या. "आता दाखव फुगा."

"फुगे संपले, आई!"

"ताई, फुगाच कशाला?" दिपक म्हणाला. "दुसरं काहीतरी गोल दाखव ना."

सगळ्यांच्या नजरा हळूहळू मिथुनच्या डोक्यावर जाऊन थांबल्या.

"ए, नाय हां!" मिथुन मागे सरकला.

पण त्याला धरून चिमीसमोरच्या पाटावर बसवलंच. डोक्यावर फेसाचा डोंगर झाला. झिपरूकाकांचा नव्या ब्लेडचा वस्तरा निलमने हातात घेतला. तो मिथुनच्या कपाळाशी टेकला मात्र, चिमी गप्प. तोंड उघडं, डोळे बशीएवढे. आता बाबा फुटणार, म्हणून ती श्वास रोखून वाट बघत राहिली.

इकडे झिपरूकाका भराभर कामाला लागले.

"अगं, माझ्याकडे बघ!" मिथुन ओरडला. निलमचा हात त्याच्या डोक्यावर आणि नजर लेकीच्या टाळूवर होती.

"तुम्ही हलू नका हो!"

"ताई, हळू हळू!" दिपक कुजबुजला. "भाऊजी संपले तर पोरगी हलेल."

"संपले म्हणजे काय रे?" मिथुन म्हणाला.

दक्षाआत्याला हसू आवरेना, पदर गदगदा हलत होता. शेवटची बट त्यात पडली आणि झिपरूकाकांनी वस्तरा मिटला. "झालं!"

निलमने हातातलं तिथेच टाकलं. चिमीला उचलून उन्हात नेलं, ते गुळगुळीत डोकं कानापासून मानेपर्यंत चाचपलं, पुन्हा चाचपलं. ओरखडा नाही. टाळूवर ठिपकासुद्धा नाही! ती पोरीला घेऊन गरगर फिरली, हिराबाईंनी सुनेच्या तोंडात गूळ कोंबला, लाहूबाबांनी झिपरूकाकांना मिठी मारली आणि सगळी वरात हसत खिदळत जेवायला आत गेली.

आता पंगत बसली आहे. निलमच्या एका हातात घास आहे, दुसऱ्या हातात पोरगी, आणि पोरीला ती काही खाली ठेवायची नाही. म्हणून ती तुम्हालाच सांगते आहे: "अहो, तुम्ही दाराशीच आहात, जरा अंगणात डोकावता का? आमचे हे अजून पाटावरच बसलेत का बघा ना. अर्धंच डोकं झालंय त्यांचं. फेस डोळ्यांत जात नाही ना, तेवढं विचारा."